कारंज्यातल्या बाईची ओटी

शुक्रवार पेठ, सोलापूर
रथसप्तमी

प्रिय तानू,

तुझं पत्र मिळालं. माहेरी केमला नको वाटत असेल तर सोलापूरला माझ्याकडे ये, इथं दवाखाना जवळ आहे, तुझी वहिनी आहे, असं मी तुला दोनदा लिहिलं. त्यावर बाळंतपणाला येत नाही, करमाळ्यातच सासरी जे व्हायचं ते होईल, असं चार ओळींत लिहून तू मोकळी झालीस. आईची साधी खुशालीसुद्धा विचारली नाहीस. तुझा राग मला कळतो. मागच्या खेपेला पोर गेलं तेव्हा आई चार बायकांसमोर तुला काय बोलली, ते मीही ऐकलं होतं. पण दोन वर्षं तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही आणि मधल्यामध्ये माझं मात्र भरीत होतंय. एक हट्टी असती तर निभावलं असतं. आमच्या नशिबी दोन आल्या.

आईला मी संक्रांतीच्या आधी केमहून इकडे आणलं. शेत वाट्यानं दिलेलं, घरात एकटी भिंतींशी बोलायची. इथं आली आणि आमच्या नाकी नऊ आले. पहाटे उठल्यापासून तोंडाचा पट्टा चालू. भाकरी थापता थापता बोलायची, खाता खाता बोलायची, मी गिरणीत निघालो की दारापर्यंत बोलत यायची. शेजारच्या विणकर बाईला मराठी येत नाही, आईला तेलुगू येत नाही, तरी उंबऱ्यावर बसून दोघींचं तासभर चालायचं. काय बोलता म्हणून विचारलं तर म्हणाली, लेकींचं बोलतोय की, त्याला कशाला लागतीया भाषा. तुझं नाव मात्र तिनं कधी घेतलं नाही. तुझा विषय काढला की उठून चुलीतली लाकडं सारखी करायची.

तिला जरा विरंगुळा म्हणून एका रविवारी सगळ्यांना तळ्याकाठच्या मोठ्या बागेत नेलं. तू पाहिली नाहीस ती बाग. हिरवळ आहे, पोरांना झोपाळे आणि घसरगुंडी आहे, माकडांचे पिंजरे आहेत, हरणं आहेत, संध्याकाळी बँड वाजतो. सोलापुरातली झाडून सारी मंडळी ठेवणीतले कपडे घालून येतात. मीही कोट घालून गेलो होतो, कारण आमच्या खात्याचे हेडक्लार्क ईश्वरप्पा दर रविवारी सहकुटुंब तिथं असतात. आपल्यालाही चार माणसांत वावरता येतं हे त्यांना दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. ती कशी धुळीला मिळाली ते ऐक.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि आई हिरवळ बघून थबकली. एवढं गवात आन् एक शेरडू न्हाय, असं तिनं अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. गवतावर चालू नये अशी पाटी होती, ती मी वाचून दाखवली. त्यावर, मंग लावलंय कशाला, म्हणून तिनं मूठभर गवत उपटलं आणि हरणांना घालायला निघाली. धुळाप्पा नावाचा पहारेकरी काठी आपटत आला, तर त्याचंच गाव कुठलं, पोरं किती, ही काठी बाभळीची का बोरीची, अशी चौकशी सुरू. तो बिचारा आला होता दरडावायला आणि बसला पोरांची नावं सांगत. मी लांब जाऊन एका झाडाखाली उभा राहिलो. ही माझी आई नव्हे असं दाखवायला दुसरा मार्ग नव्हता.

बागेच्या मधोमध कारंजं आहे. गोल हौद, मध्ये चौथऱ्यावर दगडी बाई, तिच्या खांद्यावर घागर, आणि घागरीतून पाणी पडतं. कुणा कारागिराकडून शोभेसाठी करून घेतलेली बाई ती. आईनं तिला पाहिलं आणि तिचं बोलणंच थांबलं. चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले. म्हणाली, रावजी, ही आसरा हाय. मी समजावलं की अगं, आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, सात बहिणी, त्या विहिरीवर असतात, भर दुपारी आलेल्या पोटुशीचं मूल नेतात म्हणे, आणि हे म्युनिसिपालटीचं कारंजं आहे. तर म्हणते, पाण्यात उभी हाय, वल्ली हाय, बाई हाय, आनि काय पायजे तुला? सात न्हाईत तर धाकली चुकून हिकडं आली आसंल. पालथ्या घड्यावर पाणी.

एवढ्यावर भागलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. तिनं कमरेचं गाठोडं सोडलं. आत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची पुडी. हे सगळं घेऊन ही बागेत कशाला आली होती ते मला तेव्हा कळेना. ओटी भरायची म्हणाली. पण आबा गेल्यापासून तिच्या कपाळी कुंकू नाही, तिच्या हातून ओटी चालायची नाही, सवाशीणच हवी. तुझ्या वहिनीनं हे ऐकताक्षणी पोरांना उचललं आणि झोपाळ्यांकडे पळ काढला. मग आईनं इकडे तिकडे बघितलं आणि समोरून येणाऱ्या एका भरजरी लुगड्यातल्या बाईचा सरळ हातच धरला. त्या बाई म्हणजे ईश्वरप्पांच्या मंडळी, गोजाबाई.

गोजाबाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी बोलतात, पण ओटी म्हटल्यावर त्यांना काही सांगावं लागलं नाही, त्यांच्याकडेही ही रीत आहे. आईनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. पुढच्या क्षणी त्या बाईंनी लुगडं वर खोचलं आणि दोघीजणी हौदात उतरल्या. गुडघाभर पाणी. बँडवाले वाजवायचे थांबले. गोजाबाईंनी दगडी बाईला हळदकुंकू लावलं, खण नारळ पायाशी ठेवला, आणि आई त्या दगडाच्या पायांवर डोकं टेकून किती तरी वेळ पुटपुटत राहिली. काठावर ईश्वरप्पा उभे, शेजारी मी, माझ्या हातात आईच्या चपला. ते माझ्याकडे बघतात, मी चपलांकडे बघतो. धुळाप्पा काठी टेकून आला तेव्हा वाटलं, आता तरी हा दरडावेल. त्यानं प्रसाद मिळंल का म्हणून विचारलं.

परत येताना टांग्यात मी आईवर भडकलो. चार लोकांत माझी शोभा केलीस, आता निदान घरी पोचेपर्यंत तरी तोंड बंद ठेव, असं म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ते अजून मिटलेलंच आहे.

तानू, त्या रविवारपासून आई एक शब्द बोललेली नाही. पहिल्या दिवशी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी राग आला. चहा हवा तर बोटानं कप दाखवते, मीठ कमी असेल तर जीभ बाहेर काढून दाखवते, पोरं दंगा करायला लागली की परात बडवते. शेजारची विणकर बाई येऊन बसते, दोघी नुसत्या बसून राहतात, आणि ती जाताना माझ्याकडे असं बघते की मीच हिचा गळा दाबलाय. मी माफी मागितली, पाया पडलो, रागावलो, तिच्या आवडीची शेंगापोळी आणली. पोळी खाल्ली, बोलली नाही. वैद्य झाले, म्हणाले घसा ठणठणीत आहे. तुझी वहिनी मला रोज ऐकवते की आईला तोंड बंद ठेव म्हणणारा लेक तिनं पहिल्यांदाच पाहिला. घरात इतकी शांतता झाली आहे की मला झोप लागत नाही.

काल गोजाबाई हळदकुंकवाला आमच्याकडे आल्या. त्या दिवसापासून तुझ्या वहिनीशी त्यांचं चांगलं जमलंय. ईश्वरप्पाही मला रोज म्हातारी कशी आहे म्हणून विचारतात, माझ्या कोटाकडे कुणी बघत नाही. आई अजून बोलत नाही हे कळल्यावर गोजाबाई म्हणाल्या, बोलतील कशा, शब्द दिलाय की त्यांनी. मग हौदात शेजारी उभं राहून त्यांनी जे ऐकलं ते आम्हाला सांगितलं. तेच तुला लिहायला बसलोय, बाकीचं सगळं माझं रडगाणं आहे. तो खण आईनं तुझ्यासाठी घेतला होता, सातव्या महिन्यातल्या तुझ्या ओटीसाठी. केमला असतानाच कमळाभवानीच्या दर्शनाचं निमित्त करून ती करमाळ्याला गेली, तुझ्या आळीत आली, दारापर्यंत पोचली आणि आत यायचा धीर झाला नाही म्हणून तशीच माघारी फिरली, तेव्हापासून ते गाठोडं तिच्या कमरेलाच होतं. त्या दगडी बाईला ती म्हणाली, पोटुशी आसून भर दुपारची हिरीवर गेलीस, तूच प्वार घालवलंस, आसं मी माझ्या लेकीला बोलले. ती कशाला गेली व्हती? मला ताप व्हता, घरात पाण्याचा थेंब न्हवता, माझ्यासाठनं गेली व्हती. तुमी काय बी न्हेलं न्हाय, ह्या जिभंनं न्हेलं. आता ही जीभ तुझ्याकडं ठेवते. माझी लेक सुखरूप सुटू दे, आन् तिनं सवताच्या तोंडानं आये, बोल, म्हनंस्तवर मी बोलनार न्हाय. हे ऐकून मी आईकडे गेलो आणि खरं का म्हणून विचारलं. तिनं मान खाली घातली. तानूला लिहू का विचारलं, तर उठली, फळीवरची दौत आणि टाक काढून माझ्यापुढं आणून ठेवला, आणि मी बसायच्या आधी स्वतःच समोर बसली. आत्ताही बसली आहे. तिला वाचता येत नाही, तरी माझा टाक थांबला की बोटानं पुढं लिही म्हणून खुणावते. जन्मभर हिची बडबड सोसली, पण हे सोसवत नाही गं. पुढच्या रविवारी मी टांगा घेऊन स्टेशनवर उभा राहतो. दाजींना घेऊन ये, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या आधी तिला बोल म्हण, पाय मग धुऊ.

वाट पाहणारा, तुझाच,
रावजीदादा