सोमवारी पेशी

नागपूर, ५ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. कमलिनीताईस,
सीमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन सारखा बंद, म्हणून शेवटी पोस्टाच्या पाया पडले. भिलाईला जाऊन धाकट्या बहिणीला विसरलीस की काय?

प्रयोगशाळेत सध्या मी जंतूंचं विष संप्रेरक बनवणाऱ्या पेशींवर घालते. धडधाकट पेशी हातपाय पसरून बशीच्या तळाला चिकटलेल्या असतात. विष लागलं की अंग चोरतात, गोल होतात. मरत नाहीत; उलट कुणी मागितलं नसताना संप्रेरक ओततच राहतात. सोमवारी पेशी आहेत, विष तयार आहे. माझ्यासाठी देवाला हात जोड.

भूपेंद्रभाऊजींना नमस्कार. लोभ आहे, तो वाढव.
तुझी सीमा

खुर्सीपार, भिलाई, १४ फेब्रुवारी

चि. सीमास,
अ. उ. आ.

शेजारच्या सिंधुताईंकडे बसून लिहिते आहे. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर धाड. फोन बंद नव्हता गं, यांनी वरवंट्याने ठेचला.

तुझं पत्र यांनीच फोडलं. हिंदी शाळेत शिकलेले. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, एवढंच ठाऊक. सोमवारी पेशी आणि विष तयार, एवढं वाचलं आणि कुकरचं झाकण उचललं. पेशी कावून लावली, मले मारून राहिली का, असं विचारत डोक्यावर, पाठीवर हाणत होते. आडवा धरलेला डावा हात मनगटात मोडला. मी गुडघे पोटाशी घेऊन गोल झाले, तुझ्या पेशींसारखी. मग भिंतीवरचं रक्त पुसलं आणि यांच्यासाठी भात टाकला. पहिला घास मला खायला लावला, विषाच्या भीतीने.

एक सांग, विष धुतलं तर त्या पुन्हा पसरतात का?

माया असू दे.
तुझी ताई

नागपूर, २१ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

चोर सोडून संन्याशाला फाशी! शब्द माझा, मार तुला. त्या माणसाला मी आता भाऊजी म्हणणार नाही.

रोज विष घालत राहिलं तर पेशी पसरत नाहीत. लवकर धुतलं तर कदाचित. काही धुऊन ठेवल्या आहेत. पण ताई, तू आधी ते घर सोड. माझ्या जिवाला घोर लागलाय.
तुझीच सीमा

बोरसी, दुर्ग, १२ मार्च

चि. सीमास,
अ. आ.

सिंधुताईंच्या लेकीकडे आहे. रविवारी त्याने मला केस धरून गल्लीत ओढलं, डोकं नळाच्या ओट्यावर आपटलं. कानातून रक्त आलं. सगळ्यांसमोर एकच ओरडत होता, की पेशीची तारीख सांग. तारीख माझ्याजवळ होतीच कुठे? तेव्हाच मनात आलं, नसलेल्या पेशीपायी एवढा मार खाल्ला, तर असलेली का नको? तशीच रक्ताच्या लुगड्याने सिंधुताईंसोबत ठाण्यात गेले.

भीती वाटते गं, फार वाटते. पण काल रात्री बऱ्याच दिवसांनी हातपाय पसरून झोपले.

तुझ्या पेशी पसरल्या का, ते येऊनच सांग. दुर्गच्या कोर्टात माझी पेशी आहे. सोमवारीच.

तुझी ताई कमलिनी