आईच्या तारखेची मुलगी

ता. ३ मार्च

चि. भाऊस, अ. उ. आ.

कंबर धरली म्हणतोस. फायलींवरून अधूनमधून उठत जा, आपोआप सुटेल.

मुलींना अठराव्या वर्षी बाहेर न काढता एकविसापर्यंत वसतिगृहात ठेवायचं, हा नियम तुझ्याच टेबलावर आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पण लागू कधी होणार? आमची पिटुकली बाराला अठराची होते. शिवणाच्या कारखान्यात कोंडून राबवलेली पोर. तिला तिथे नेऊन सोडणारा तो 'मामा' आत्तापासूनच फाटकासमोर घिरट्या घालतोय. माझ्या घरी आणावं तर अधीक्षिकेला तशी परवानगी नाही. तेवढं बघ रे.

लोभ आहेच, तो फायलीखाली दडपू नकोस.

तुझी ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नियम मंजूर झाला. लागू मात्र एक एप्रिलपासून, त्या दिवशी वसतिगृहात असतील त्यांनाच. तारीख अलीकडे घ्या म्हणून दोनदा विनवलं. साहेब म्हणाले, बहिणीसाठी सरकार चालवतोस का?

एक कळेना. तिच्याकडे जन्माचा दाखला नव्हता, डॉक्टरांनी नुसतं वर्ष लिहून दिलं होतं. अशा मुलींना सगळीकडे वर्षाचा शेवटचा दिवस लावतात. मग हिला बारा मार्च कुणी दिली? ती तर आपल्या आईची जन्मतारीख.

रागावू नकोस, असाच लोभ राहू दे.

भाऊ

ता. १४ मार्च

चि. भाऊस, अ. उ. आ.

मीच दिली. आली तेव्हा ती कुणाशी बोलत नव्हती. फॉर्म भरताना वाढदिवस विचारला, तर म्हणाली, मला नाहीये. आपली आई जाऊन महिनाच झाला होता, मला राहवलं नाही. करायला गेले काय आणि झाले उलटे पाय.

परवा तपासनीस आले, यादीतून तिचं नाव कापलं. तिची चादर मी घडी करायला घेतली तर तिने ओढून घेतली, स्वतः नीट घडी केली आणि मामाबरोबर गेली. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेली.

आता नियमात एक ओळ घाल. तारीख माहीत नसेल तर वर्षाचा शेवटचा दिवसच लावावा, कुणी माया दाखवू नये.

ताई

ता. २० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ओळ लिहून फाईल वर पाठवली. अशी प्रकरणं किती, असं विचारलं गेलं. मी एक म्हणालो. एकासाठी नियम बदलत नाही, असा शेरा घेऊन फाईल परत आली. तू जेवतेस ना वेळेवर?

भाऊ

ता. २६ मार्च

चि. भाऊस, अ. उ. आ.

मलाही एकच वाटलं होतं. जुनी रजिस्टरं काढली, माझ्या हातच्या नऊ निघाल्या. कुणाला बाबांची तारीख दिली होती, कुणाला माझी. तुझी तारीख दिलेली एक मुलगी सहा वर्षांपूर्वी बाहेर पडली. वर्षअखेर लावली असती तर तिला आणखी सात महिने छप्पर मिळालं असतं. आज ती कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही.

नऊही नावं मागच्या बाजूला लिहिली आहेत. चूक कुणाची तेही लिहिलं आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. आजवरची माझी पत्रं तू जपून ठेवलीस, हे ठेवू नकोस. आवक क्रमांक टाक आणि फायलीला लाव.

तुझी ताई,
अधीक्षिका, मुलींचं वसतिगृह