आईचा शब्द आणि अडतीस बरण्या

ती. केझायाताईस धाकट्या टॅबिथाचा नमस्कार. भावोजींचा पाय आणि तुझं डोकं, दोन्ही ठिकाणावर असतील असं धरून चालते. इकडे कोंबड्या अंडी घालतात, दादा शब्द जमवतो आणि मी दोघांचा पसारा आवरते.

दादाचं वेड तुला ठाऊकच आहे. ऑक्सफर्डला इंग्रजीतले झाडून सारे शब्द जमवून मोठा कोश चाललाय. दादासारखी रिकामटेकडी माणसं (तो विद्वान म्हणतो) जुनी पुस्तकं, दप्तरं चाळतात, शब्द जिथे वापरलाय ते वाक्य चिठ्ठीवर उतरवतात आणि टपालानं धाडतात. अठरा वर्षं हेच. बरं, कोशात याचं नाव कुठे येणार नाही. मी विचारलं, तुला मिळतं काय रे? तर म्हणाला, "टॅबी, एकदा छापला की शब्द राहतो. बोलणारी माणसं गेली तरी." मी म्हटलं, "बरं, पाय उचल, झाडायचंय."

आता माझा पराक्रम ऐक. यंदा प्लमचा जॅम अडतीस बरण्या झाला. तोंडं बांधायला अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेला कागद लागतो, तो नेमका संपलेला. दादाच्या टेबलाखाली जाड, मापाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिसला. मला वाटलं रद्दी. लावल्या की गं सगळ्या, आणि बरण्या वाटूनही टाकल्या!

आठवड्यानं न्याहारीला दादा म्हणतो, ऑक्सफर्डचं पत्र आलंय, आईचा शब्द कोशात घेणार, वाक्य मागितलंय. (पेल्याच्या तळाशी उरलेल्या सायडरच्या घोटासाठी आई जो शब्द वापरायची, तो.) तीनशे वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या एका बाईनं तो मृत्युपत्रात घातला होता. दादाला ते चर्चच्या पेटीत सापडलं, आणि पुढच्याच हिवाळ्यात पेटी पाण्यात गेली. म्हणजे आईच्या शब्दाला आधार त्या एका चिठ्ठीचा! दादा खुशीत खात होता. ते बघून मला रडूच आलं. खरं सांगायचा धीर काही झाला नाही.

मग निघाले दारोदार. तर लोक कागद सोडायला तयार नाहीत! शेजारची लसकूमबाई म्हणते, "जॅम ने हवा तर. वाक्य अर्धंच आहे, पुढचं कुणाच्या बरणीवर आहे ते आधी सांग." यिओ लोहार तर आपली बरणी घेऊन घरोघर वाचून दाखवत होता, माझी आजी अस्संच बोलायची म्हणून. चहा पिऊन पिऊन जीव गेला, पण सदतीस चिठ्ठ्या पाहिल्या. आईचा शब्द नाही.

भावोजींना नमस्कार.
तुझी टॅबिथा

ता.क. अडतिसावी बरणी तुला पाठवली होती. जॅम ठेव, कागद उलट टपाली धाड. आणि ताई, मागल्या वर्षी तुझ्या पाहुण्यांसमोर तो शब्द माझ्या तोंडून गेला, तेव्हा तू टेबलाखालून माझा पाय दाबलास. फार लागलं होतं. पायाला नव्हे.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवायला दादाकडे दिलं, तर त्यानं पत्र वाचलं आणि पोट धरून हसला. म्हणे, तो प्रत्येक चिठ्ठीच्या दोन प्रती करतो. पहिली त्याच दिवशी ऑक्सफर्डला गेली, वाक्य मागितल्याची नुसती थाप होती. मी लावल्या त्या दुसऱ्या. "मग मला गावभर का पळवलंस?" तर म्हणतो, "लोक वाचत होते गं. थांबवावंसं वाटेना." आणि तुझ्यासाठी बरणी त्यानंच निवडली होती, वरची चिठ्ठी बघून. तेव्हा कागद परत पाठवू नकोस. नुसता वाच. मोठ्यानं वाच, पाहुणे बसलेले असताना.