राणीचा झगा

गेतारिया, २३ जुलै

प्रिय एनेकोदादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इथे ठीक आहोत. वहिनीचा खोकला गेला का?

तुझं पत्र पोचलं. ऑगस्टच्या सणाआधी मिरवणुकीतल्या आपल्या राणीला, त्या दोन पुरुष उंचीच्या बाहुलीला, नवा झगा हवा, तुझ्या हाताला तोड नाही, वगैरे वगैरे. आणि तळाशी दोन ओळींत, बाबांच्या जागी आता आत शिरून राणीला नाचवणार तो बेन्यात. बेन्यात! वहिनीचा हा भाऊ जिना चढला तरी धापा टाकतो.

ती जागा मी मागितली होती. तेव्हा नाचगटाच्या भर सभेत तू म्हणालास, "गाराझी, साठ किलोचा सांगाडा आहे तो. बायकांनी झगा शिवावा, आत शिरू नये." सगळे हसले. मी नाचणाऱ्यांच्या मळक्या टोप्या गोळा करून घरी आले आणि धुवूनही दिल्या, याचा मला अजून राग येतो. राणी बाई आहे, दादा. तिच्या झग्याखाली पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या घाम गाळला तर ती परंपरा, आणि बाई शिरली की विटाळ?

गेल्या ऑगस्टमध्ये बाबा चर्चसमोर शेवटचे नाचले, तसे जन्मात नाचले नव्हते, असं तू बंदरावर भेटेल त्याला सांगतोस म्हणे. गटाच्या खोलीत तो फोटोही लावलायस. नीट बघ त्याच्याकडे. राणी गिरकीत आहे, झगा फुललाय, खाली फक्त पांढरे जोडे दिसतात.

जोडे बाबांचे होते. पुढे कागद कोंबून मी ते घातले होते.

मधल्या विश्रांतीत तुम्ही सगळे वाइन प्यायला गेलात, तेव्हा बाबा सांगाड्यातून निघेचनात. मी पाणी घेऊन गेले तर कंबर धरून बसलेले, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "उंची आपली एकच आहे, पोरी. लहानपणी खुर्ची डोक्यावर घेऊन नाचायचीस, तसंच." मी आत शिरले. ते शेजारच्या बेकरीत जाऊन बसले. तू पुढे बासरी वाजवत चालतोस, तुझी पाठ आमच्याकडे. तुला कसं कळणार?

नाच संपल्यावर बेकरीमागच्या बोळात आम्ही पुन्हा अदलाबदल केली. घाम दिसावा म्हणून बाबांनी बाटलीभर पाणी सदऱ्यावर ओतून घेतलं. तू त्यांना मिठी मारून रडलास. मी सगळ्यांच्या टोप्या धरून बाजूला उभी होते. फार वाईट वाटलं, आणि आनंदही झाला.

मी असेपर्यंत एनेकोला सांगू नकोस, तो मला घरी बसवेल, असं त्यांनी वचन घेतलं होतं. फेब्रुवारीत ते गेले. त्यानंतरही मी गप्प राहिले, कारण तुझी ती आठवण मोडायची नव्हती. पण बाबांसारखा दम बाईत कुठला, म्हणत तीच आठवण पुढे करून तू मला सभेतून परत पाठवलंस. आता गप्प बसणार नाही.

झगा तयार आहे. बाहेर बघायची जाळी माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी शिवली आहे. बेन्यातच्या ती छातीशी येईल, त्याला चालायचं असेल तर आंधळ्यासारखं चालू दे.

पंधरा तारखेला सकाळी झगा घेऊन मी स्वतः येते. तू नेहमीसारखी पुढे बासरी वाजव. फक्त या वेळी, चर्चसमोर, एकदा मागे वळून बघ.

तुझी बहीण,
जिच्या नाचावर तू रडलास ती,
गाराझी