डावीकडचा अर्धा पडदा

बाबा, टॅब म्हणजे काय हे तुम्हाला सांगण्यापासूनच सुरुवात करावी लागणार. तुम्ही गेलात तेव्हा ही वस्तू आपल्या कुणाच्या घरात आली नव्हती. पाटीएवढी काच असते, तिच्यावर सिनेमा दिसतो, बातम्या वाचता येतात, बोट फिरवलं की पान सरकतं. आईसाठी तशी एक घ्यायची होती आणि गेले कित्येक महिने मी दुसरं काही केलं नाही. वारज्याहून खराडीला ऑफिसला जाताना एका टॅबची माहिती वाचायची, येताना दुसऱ्याची. कुणाचा पडदा मोठा, कुणाचा उजळ, कुणाचा हलका. तुम्ही असतात तर हे काम तुमच्या गळ्यात घालून मी मोकळी झाले असते.

रंगीत टीव्ही घेताना तुम्ही लक्ष्मी रस्त्यावरची दुकानं पालथी घातली होतीत, मी तुमचं बोट धरून मागे. दुकानात शिरलं की तुम्ही आधी आवाज बंद करायला सांगायचात. आवाज गोड असला की चित्रही चांगलं वाटतं, असं तुमचं म्हणणं. मग स्टुलावर बसून बातम्या देणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचात. दुकानदार चुळबुळ करतोय, आई दाराशी पिशवी घेऊन उभी आहे, तुमचं आपलं चालूच. आई म्हणायची, यांचं बघून होईपर्यंत टीव्ही जावईच घेऊन येईल. एकदा दिव्यांनी झगमगणाऱ्या दुकानातलाच टीव्ही हवा म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुला टीव्ही हवाय की दुकान? आधी ते ठरव." मी घरी येईपर्यंत रुसले होते.

आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलते नीट, माणसं ओळखते, पण डावी बाजू तिच्या जगातून नाहीशी झाली आहे. हे मला जेवणाच्या ताटावरून कळायला हवं होतं. ती रोज कुरकुरायची, हल्ली चटणी-कोशिंबीर काही करत नाहीस. मी रोज करत होते, रोज ताटात डावीकडे वाढत होते आणि ती तशीच उरत होती. मला वाटायचं, चव गेली असेल. शेवटी डॉक्टरांनी समजावलं, की डोळ्यांचा दोष नाही, डावीकडे काही असतं हेच त्यांचा मेंदू विसरला आहे. ताट फिरवलं की कोशिंबीर सापडते, पण मग भाजी हरवते. पाहुण्यांच्या ताटात चुकून उजवीकडे चटणी वाढली म्हणून जी बाई मला सगळ्यांदेखत बोलली होती, तिला आता मी सगळं एका बाजूला ढीग करून वाढते. मला ते बघवत नाही.

सिनेमाचंही तेच. टीव्हीवर दोघं बोलत असली की आईला एकच दिसतो. हा कुणाशी भांडतोय, असं विचारते, आणि समोर दुसरा माणूस आहे म्हटलं की माझ्यावरच चिडते. दिवसभर घरात ती आणि तिला सांभाळणाऱ्या मावशी. सिनेमा सोडला तर तिच्याकडे काहीच उरलेलं नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं, की पडदा जितका लहान तितकी डावी बाजू कमी. सबंध काचच तिच्या उजव्या हाताला ठेवली तर सगळं चित्र तिच्या वाट्याला येईल. दुकानातली मुलगी मात्र मोठाच टॅब पुढे करत राहिली. "मॅडम, मूव्हीजसाठी हाच बेस्ट, एकदम थिएटरचा फील." मी सगळ्यात लहान मागितला तेव्हा तिनं विचारलं, घरी छोटं मूल आहे का. मी हो म्हणून टाकलं. मग आवाज बंद करायला लावला आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूला तळहात आडवा धरून बघत बसले. तिला मी वेडी वाटले असणार.

घरी आल्यावर टॅब आईच्या उजव्या अंगाला उशीवर टेकवला आणि तिच्या आवडीचा जुना सिनेमा लावला. ती बराच वेळ बघत होती. मला खरंच आशा वाटली. मग तिनं विचारलं, "ही बाई एकटीच का रडतेय?" बाबा, लहान काचेलाही डावी बाजू असतेच. कुठेही ठेवा, केवढीही आणा, तेवढा भाग आईसाठी नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं आणि यात आता फारशी सुधारणा होणार नाही हेही सांगितलं होतं. मी इतके महिने टॅबची तुलना करत होते ती केवळ ते ऐकायचं नव्हतं म्हणून.

टॅब पडून राहू नये म्हणून त्यावर तुमचा दोघांचा सारसबागेतला फोटो घातला, लग्नानंतरचा पहिला. रीतीप्रमाणे आई तुमच्या डाव्या हाताला उभी, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे. आई म्हणाली, मी एकटीच गेले होते वाटतं. टॅबवर फोटोची डावी-उजवी बाजू एका बोटानं बदलता येते. मी बदलली. तुम्ही उजवीकडे आलात आणि तिनं तुम्हाला तत्क्षणी ओळखलं. तुमच्या गालावर बोट ठेवायला गेली तर फोटो सरकून गेला, तो परत आणून दिला. मग तिनं विचारलं, "आणि मी कुठे आहे?"

"फोटो तूच काढलास, आई."

तिनं तुमचा चेहरा पुन्हा न्याहाळला. मग हसली. "यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला? म्हणजे स्वारी खुशीत असणार."

आता ती रोज तो फोटो लावायला सांगते आणि हा मी काढलाय असं मावशींना ऐकवते. सिनेमा मागत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडस झालं नसतं. तुमच्या शेजारची तिची जागा मी काढून घेतली आहे, बाबा, आणि ती परत देण्याचा माझा विचार नाही.