नळी टेबलावर राहिली

७ एप्रिल, मंगळवार
महाप्याच्या लॅबमध्ये दुपारी मेंदूच्या पेशींची प्लेट लावली. सगळ्या खणांत पेशी मारणारं अमायलॉइड प्रथिन, निम्म्यांत सोबत एन्झाइम. एन्झाइम अमायलॉइडचे तुकडे करतं, म्हणजे तिथल्या पेशी जगायला हव्यात. मधेच ह्यांचा फोन. खारघरचा फ्लॅट बघायला कधी जायचं? पॅसेजमध्ये तासभर बोलले. परत आले तर एन्झाइमची नळी टेबलावरच, बर्फाबाहेर. आज एसीही बंद. कोमट झालेली; एन्झाइम अशाने मरतं. तीच वापरली. कंटाळा, दुसरं काही नाही.

९ एप्रिल
सगळ्या पेशी मेल्या. एन्झाइम घातलेल्याही. सर वैशालीला म्हणाले, "तुमचं एन्झाइमच नीट बनलेलं नाही." वैशाली आमची लॅब असिस्टंट, इथल्याच गावातली. महिनाभर खपून तिने ते बनवलं होतं. खाली बघत उभी राहिली. मी शेजारीच होते.

१० एप्रिल
एन्झाइमचं काम तिच्याकडून काढलं. आता बाटल्या धुणं, सामानाच्या ऑर्डरी. डब्याला बसलो तर तिने मला सुक्या जवळ्याची चटणी वाढली, नेहमीसारखी. खाल्ली मी. तेही जमलं.

१३ एप्रिल
सगळे जेवायला गेल्यावर तिच्याच बॅचची फ्रीझरमधली दुसरी नळी तपासली. अमायलॉइड छान तोडतेय. माझ्या नळीत उरलेलं तपासलं. काहीच नाही, मेलेलं. लॅबच्या वहीत लिहायला पेन उचललं आणि…
इतकी वर्षं विद्यार्थ्यांना सांगते, चुकलं तर आधी लिहा.

१५ एप्रिल
वैशालीला जिन्यात गाठून सांगितलं.
"मला म्हायती हाय ताई. नली टेबलावर बघितली व्हती मी."
"मग सरांना का नाही सांगितलंस?"
"तुमी सांगाल म्हनून थांबले."
तिने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ट्रे उचलून वर गेली.

१६ एप्रिल
आज सरांना सांगितलं. दोन्ही नळ्यांचे निकाल समोर ठेवले. त्यांनी तारीख पाहिली. "सोमवारी कळलं होतं तुम्हाला?"
"हो."
त्याच्याही आधी, हे तोंडातून निघालं नाही.
"वैशालीला पाठवा."
मी बोलवायला गेले. तिने हात पुसले, माझ्याकडे न बघता आत गेली. दार लागलं. वीस मिनिटं झाली, अजून आतच आहे.