आईच्या आवाजाचा वेग

शुक्र., ७ नोव्हें., वटार
ताईचं ऑपरेशन गुरुवारी. कानामागची गाठ. डावा कान लहानपणीच गेलाय, आता उजव्याचीही हमी नाही म्हणाले डॉक्टर. रिक्षात बसल्यावर ताई एवढंच म्हणाली, "आयची रेकाड एकदा लाव." दादांचा, म्हणजे वडिलांचा, प्लेअर मोडून किती वर्षं झाली. मेलो!

शनि. ८
रेकॉर्ड काढली. आईची हळदीची गाणी. दादांनी तिला मुंबईला नेऊन एकच प्रत कापून घेतलेली. पत्र्यावर काळा लेप, सुई दर वेळी थोडा खरवडून नेते. कडेला लेप सुटलाय. आणि वर काय, तर कुंकू! आईचा फोटो नाही, म्हणून अविधवा नवमीला ताई रेकॉर्डलाच हळदकुंकू लावत आली. पहिल्या गाण्याच्या खाचांत नुसता लाल राडा. ओरडलो. "सवाष्न गेली ती. तशीच ठेवू?" कपाळ माझं.

सोम. १०
बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, थेंब थेंब. स्पिरिट लावलं तर लेपच विरघळेल. आयुष्य स्टुडिओत गेलं, पण रेकॉर्डवरचं कुंकू कधी धुतलं नव्हतं.
जुन्या एलपी कशा जाडजूड. ऐंशीनंतर माल इतका पातळ केला की पापडासारख्या वाकायच्या. मग कॅसेट, सीडी. आता रेकॉर्डी पुन्हा जाड, पण आत कॉम्प्युटरचाच आवाज, लोक हौसेने घेतात. घेऊ देत. त्यातली एक फुटली तर दुसरी मिळते.

मंगळ. ११
लावली. नवा प्लेअर, वेग मिनिटाला तंतोतंत अठ्ठ्याहत्तर फेरे. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू. ताई स्पीकरला कान लावून. सुई दोनदा उडाली, माझा जीव उडाला. मग आईचा गळा लागला. सुईमागे लेपाची साल निघत होती, थांबवणार कसं? शेवटपर्यंत गेली. आता ती पुन्हा वाजणार नाही.
ताई म्हणाली, "ही आय नाय."
"अगं, तीच!"
"आयचा गळा जाड व्हता. ही कोन पोरगी?"
डोक्यात उशिरा प्रकाश पडला. दादांच्या प्लेअरचा पट्टा सैल, रेकॉर्ड हळू फिरायची, म्हणून गळा जाड. आम्ही जन्मभर हळू चालणारी आई ऐकली.

बुध. १२
लॅपटॉपवर वेग उतरवला. ताईने डोळे मिटले. "हां. हीच." रडली. मीही.
मग राहवलं नाही, विचारलं. ताई, ही रेकॉर्डमधली की घरात गायची ती? आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस.
"पहिली परत लाव." लावली, अठ्ठ्याहत्तरची. "पानी भरताना आय अशी... नाय रं. ठाव नाय. येवढी वर्सं रेकाडच ऐकली." भयंकर घाबरली. उगाच विचारलं.

गुरु. १३, हॉस्पिटल
लॅपटॉप घेऊनच आलो. ताई सकाळपासून ऐकतेय. "दोगींच्या मधी हाय ती. जरा हलू कर." केला. "आनखी." केला. "आता वर, इलुशी..." तेवढ्यात नर्स आली. बाई, दोन मिनिटं, म्हटलं. नाही म्हणजे नाही. ताईने जाताना माझा हात धरला, "मी येते, मंग बघू."
नेलं. दार लागलं.
बाहेर बसलोय. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. ताईला ऐकू आलं पाहिजे. मला आईचा आवाज माहीत नाही.